शंका-समाधान : ठेवीवरचं पहिलं क्रेडिट कार्ड

मुलगी 19 वर्षांची आहे. उंबरमाळीहून लोकलने कल्याणला कॉलेजला जाते, सुट्टीच्या दिवशी आसनगावला एका दुकानात काम करते. पुढे नर्सिंगसाठी कर्ज काढावं लागेल. बँकेत क्रेडिट कार्ड मागितलं तर पगाराची स्लिप हवी म्हणाले, नाहीतर मुदत ठेव ठेवा. साठवलेले 40,000 रुपये आहेत. सगळे ठेवू का?
— एक आई, उंबरमाळी

सगळे नका ठेवू, ताई. दुखणं-खुपणं आलं, कॉलेजची फी अचानक भरायची झाली, तर हाताशी पैसे हवेत. कार्ड चालू आहे तोवर त्या ठेवीवर बँकेचा बोजा असतो, ती मध्येच मोडता येत नाही. बँकेची किमान अट विचारा आणि तेवढीच ठेव करा. 15-20 हजारांत काम होत असेल तर उरलेले साध्या बचत खात्यात राहू द्या. ठेव मुलीच्या नावावर हवी, त्याच बँकेत हवी, आणि तिचं पॅन कार्ड तयार हवं. ठेवीवरचं व्याज नेहमीप्रमाणे मिळत राहतं. साधारणपणे ठेवीच्या 80-90 टक्के मर्यादेचं कार्ड मिळतं.

हे सगळं कशासाठी, ते मुलीला आधी समजावून सांगा. हे कार्ड खर्चाला जास्तीचे पैसे मिळावेत म्हणून घ्यायचं नाही. तिच्या नावावर आज उधारीची एकही नोंद नाही, त्यामुळे कर्ज देताना बँक पाहते त्या सिबिलच्या अहवालात तिचा गुणांकच दिसत नाही. हा गुणांक 300 ते 900 यांच्या दरम्यान असतो आणि वेळेवर फेडलेल्या बिलांतून तयार होतो. महिन्याला मोबाइलचा रिचार्ज आणि लोकलचा पास एवढंच कार्डावर घेतलं तरी पुरे. मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं. वडिलांच्या कार्डावर तिच्या नावाचं जोडकार्ड काढलं तर हे साधत नाही, कारण नोंद मूळ कार्डधारकाची होते.

खरी गोम बिलात आहे. बिलावर दोन आकडे छापलेले असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. समजा एकूण 6,000 आणि किमान 300. मुलीला वाटेल, 300 भरले की झालं. दंड टळतो, पण व्याज सुरू होतं. दरमहा साडेतीन टक्के दर धरला तर उरलेल्या 5,700 वर महिन्याचे सुमारे 200 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 36. म्हणजे पुढच्या महिन्यात भरलेल्या 300 मधले मुद्दलात जेमतेम 64 जातात. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ठेवीला वर्षाला सहा-सात टक्के मिळणार आणि कार्डाला बेचाळीस टक्के जाणार. हा व्यवहार कुणीही करू नये, विद्यार्थ्याने तर नाहीच. खात्यातून आपोआप बिल भरण्याचा अर्ज देताना ‘पूर्ण रक्कम’ या चौकटीत खूण करा. तिथे ‘किमान रक्कम’ अशीही एक चौकट असते. अर्ज भरताना घाईत तिच्यावरच खूण होऊन जाते, म्हणून सही करण्याआधी स्वतः पाहा. कार्ड एटीएममध्ये अजिबात घालायचं नाही, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क लागतं.

दुकानातला पगार उशिरा मिळत असेल तर बिलाची तारीख पुढे सरकवून मागा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे ती किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे बँक त्यांचाही अहवाल पाहते. घरात पीककर्ज किंवा गाडीचा हप्ता थकलेला असेल तर आधी तो मिटवा. मुलीच्या कार्डापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. सिबिलचा संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, आई-वडील दोघांचाही काढून ठेवा. आणि कर्ज काढायचं नसेल, नुसती सोय हवी असेल, तर डेबिट कार्ड आणि यूपीआय तिला पुरेसं आहे.

ठेव पतसंस्थेत आहे. तिच्यावर कार्ड मिळेल का?
— वाचक, शहापूर

नाही. कार्ड देणाऱ्या बँकेतच ठेव लागते. त्यासाठी पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडू नका, व्याज बुडेल. मुदत संपली की विचार करा. तेव्हा हेही लक्षात घ्या की बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही.

‘तुमचं कार्ड मंजूर झालंय, ओटीपी सांगा’ असा फोन आला. मी अर्जच केला नव्हता. आता काय करू?
— विद्यार्थी, मुरबाड

ओटीपी सांगितला नसेल तर काही करायला नको, नंबर ब्लॉक कर. सांगितला असेल तर या क्षणी बँकेला कळवून खातं गोठव आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदव. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे अडवता येण्याची शक्यता बरीच असते. घरच्यांना सांगायची लाज वाटून दोन दिवस घालवू नकोस.

न मागता कार्ड पाठवायला बँकांना मनाई आहे. नको असलेलं कार्ड खरोखरच घरी आलं तर ते चालू न करता बंद करायचा लेखी अर्ज दे. कार्डावर काही देणं बाकी नसेल तर बँकेने 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला बँकेने तुला 500 रुपये द्यायचे असतात. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी 14448 वर फोन कर. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घेऊन ठेव.