निवड झाली नाही म्हणून

धाराशिव

चि. सोनूस,


ताईचा फोन आला होता. खो-खोच्या जिल्हा संघाच्या यादीत तुझं नाव आलं नाही, आणि आता तू म्हणतेस की मला स्पर्धाच नको, मी आपली संध्याकाळी मैत्रिणींबरोबर मजेसाठी खेळेन. मी तुला दटावावं अशी ताईची इच्छा आहे. दटावणार नाही. मजेचा खेळ हा काही खालच्या पायरीचा खेळ नव्हे, आणि सामने खेळतो तोच खेळाडू असंही मी मानत नाही. पण हा निर्णय तू कशाच्या भरात घेतलास, एवढं विचारायचा हक्क मावशीला आहे.

आधी तुझ्या बाजूचं बोलते. तुमच्या संध्याकाळच्या खेळात नऊ-नऊ जणी कधी जमत नाहीत. इकडे सात, तिकडे सहा, आणि कुणाची तरी धाकटी बहीण कच्चा लिंबू म्हणून साखळीत बसवलेली. घड्याळ कुणाकडे नसतं. फाउल झाला की नाही यावर भांडण होतं आणि ज्या बाजूचा आवाज मोठा तिचं खरं ठरतं. तरी अंधार पडेपर्यंत कुणी घरी जायचं नाव काढत नाही. मागच्या दिवाळीत मी कठड्यावर बसून बघत होते. खांबाला डाव्या हाताची पकड घालून उलट्या अंगाने सूर मारायचा तुझा खटाटोप चालला होता. पडत होतीस, कोपर झाडत होतीस, पुन्हा मारत होतीस. सामन्यात हे कुणी करू देणार नाही. तिथे जे हमखास जमतं तेवढंच करायचं असतं, कारण हातचा गडी सुटला तर बाकीच्या आठ जणी तुझ्याकडे बघणार. नवं काही हाताला लागतं ते अशा बिनहिशेबी संध्याकाळीच. म्हणून तो खेळ सोडू नकोस. उद्या राज्याच्या संघात गेलीस तरी सोडू नकोस.

आता दुसरी बाजू. तुझ्या मैत्रिणींना तू पाठ झाली आहेस. पळतीत खांबापाशी आलीस की वळायच्या आधी तुझा उजवा खांदा किंचित झुकतो. मला कठड्यावरून दिसलं, म्हणजे त्यांनाही ठाऊक असणार. पण त्या त्याचा फायदा घेत नाहीत. तू बाद झालीस तर खेळाची रंगत जाते, असं त्यांना वाटतं. प्रेमाने खेळतात बिचाऱ्या. निवड चाचणीत दुसऱ्या तालुक्याची मुलगी होती, तिला तुझ्या रंगतीशी काय देणंघेणं? खांदा झुकला, तिने खो दिला, आणि तिथे बसलेली उठून थेट तुझ्या अंगावर आली. ताईने सांगितलं, मिनिटभरही टिकली नाहीस. त्या मुलीने तुझा अपमान केलेला नाही, सोनू. जवळच्यांपैकी कुणी तुला सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं.

सामन्यात मला आवडतं ते हेच. चषक आणि बॅनरवरचे फोटो ज्यांना हवेत त्यांना लखलाभ. अनोळखी मुलगी, शिट्टी हातात धरलेले पंच आणि नऊ मिनिटांचा डाव, एवढ्या तीन गोष्टी तुमच्या संध्याकाळी नसतात. गोल्फमध्ये म्हणे माणूस एकटाच मैदानात उतरून स्वतःच्या आकड्याशी खेळू शकतो. खो-खोत ती सोय नाही. पळणाऱ्याला मागे लागणारं कुणीतरी हवंच, आणि ते कोण आहे यावर पळती किती खरी हे ठरतं. पेपरात बातमी येते की अमकीने दोन मिनिटं दहा सेकंद संरक्षण केलं. ते दहा सेकंद कुणी मायेपोटी दिलेले नसतात.

स्पर्धा म्हटली की लढत होतेच असंही समजू नकोस. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. मॅटवरचा खेळ, एका बाजूला सातच जणी आणि गुणांची पद्धत वेगळी, म्हणून आकडा एवढा फुगलेला दिसतो. पण फरक तर खराच होता. त्या दिवशी आपल्या मुली नवं काय शिकल्या असतील याची मला शंका आहे. अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० असा विजय मिळाला, त्यात थोडी तरी झुंज होती. त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती, हे तुला मी सांगायला नको. उलट, पंच नसताना, नुसत्या ईर्ष्येवर रंगलेले डावही मी पाहिलेत. त्यामुळे मजा आणि चुरस यांच्यामध्ये तू घातलेलं कुंपण मला काही पटत नाही.

आणखी एक स्पर्धा असते, तिच्यापासून मात्र चार हात लांब राहा. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के जागा यांच्यासाठी खेळली जाते ती. या सवलतींवर माझा राग नाही. आपल्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यातल्या मुलीला खेळावर नोकरी लागली तर घर उभं राहतं. पण प्रमाणपत्रासाठीच मैदानात उतरलेली मुलगी मला लांबून ओळखू येते. डाव संपला की पहिला प्रश्न फॉर्मवर सही कधी मिळणार, हा. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं महाराष्ट्रात गाजली ती याच हावेतून. ताईच्या बोलण्यात गुणांचा विषय आला तेव्हा मी तिलाही हेच सांगितलं. ती जरा रुसली आहे, निघेल समजूत.

तू सारिका काळेचं नाव घेऊन मोठी झालीस, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. आपल्याच गावची पोर. घरची इतकी ओढगस्त की कित्येक वर्षं दिवसाकाठी एकच जेवण मिळायचं, असं तिने स्वतः सांगितलंय. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी पैशाच्या अडचणींनी ती इतकी खचली की खेळ सोडायचं ठरवून घरात बसली. प्रशिक्षक चंद्रजित जाधव सरांनी समजूत घातली, तेव्हा मैदानावर परतली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळाला होता, आणि तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती.

बघ, ती थांबली आणि तूही थांबू म्हणतेस, म्हणून मी तुम्हाला एका ओळीत बसवणार नाही. तिच्यापुढे उद्याच्या भाकरीचा प्रश्न होता. तुझ्यापुढे एक कागद आहे, ज्यावर तुझं नाव नाही. कागदावर रुसून खेळाचा प्रकार बदलायचा नसतो. पुढच्या वर्षी निवड होऊन, चार सामने खेळून, मग तू म्हणालीस की मावशी, मला त्या शिट्टीत, त्या धाकात मन रमत नाही, तर मी एका शब्दाने बोलणार नाही. तेव्हा ती तुझी आवड असेल. आज ती नुसती सल आहे.

माझं ऐकायचं असेल तर असं कर. आठवड्यातले चार दिवस तुमचा तो गोंधळी खेळ चालू दे, कच्च्या लिंबासकट. एक दिवस मात्र घड्याळ लावा. तिघी-तिघींच्या तुकड्या करा, एकीला पंच करा आणि ती म्हणेल ते मुकाट्याने ऐका. दुसऱ्या शाळेच्या मुलींना बोलवा किंवा तुम्ही त्यांच्याकडे जा. मोठ्या बुजऱ्या आहात तुम्ही याबाबतीत. आणि हरल्यावर ‘आम्ही तर मजेसाठीच खेळत होतो’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. आमच्या वेळीही ते फार चालायचं, आणि जिंकल्यावर ते कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

शनिवारी मुक्कामाला ये. रविवारी सकाळी आपण क्रीडा संकुलाच्या मैदानावर जाऊ. तिथल्या मुली तुला ओळखत नाहीत, आणि मला तेच हवं आहे. खांद्याचं त्यांना मी सांगणार नाही. त्या आपसूक हेरतील. त्यानंतर शाळेत सरांना भेट आणि पुढच्या चाचणीसाठी नाव दे. ताईला विचारत बसू नकोस, तिच्याशी मी बोलते.

तुझी,
मावशी