बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचे चिन्ह

गणिताची अक्षरजुळणी हा माझा व्यवसाय आहे. विद्यापीठांतले प्रबंध, महाविद्यालयांची क्रमिक पुस्तके, अधूनमधून शाळेच्या वरच्या वर्गांसाठी एखादे मराठी पुस्तक असे काम येते आणि ते सगळे मी लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत करतो. यात सर्वांत जास्त विचार करायला लावते ते चार-पाच ओळींवर पसरलेले समीकरण. वाचक ते अक्षर-अक्षर वाचत नाही. वरच्या पायरीतून खालच्या पायरीत काय बदलले, एवढेच त्याची नजर शोधत असते. ओळ कुठे तुटली आणि कशाखाली काय आले, यावर तो शोध सोपा होतो किंवा अवघड. मांडणी हा सिद्धतेचाच भाग आहे, असे मी मानतो. या कामातून हाती लागलेल्या काही गोष्टी पुढे देतो.

१. ओळ आधी कागदावर तोडावी.

लाटेकच्या मुळाशी असलेली टेक ही प्रणाली डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली हाती घेतली. त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे त्यांना पाहवली नाहीत, हे त्यामागचे कारण. परिच्छेदातल्या ओळी टेक किती सुंदर तोडते! पण वेगळ्या ओळीवर मांडलेले समीकरण ती आपण होऊन तोडत नाही. क्नूथ यांनी हे जाणूनबुजून माणसावर सोपवले, कारण योग्य जागा कोणती हे गणिताच्या अर्थावर ठरते. पुढे मायकेल डाउन्स यांनी हे काम आपोआप करणारे पॅकेज लिहिले. मी ते वापरून पाहिले आहे, पण अर्थ कळल्यावर हात जिथे थांबतो ती जागा त्याला नेहमी सापडत नाही.

ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखली जाणारी नित्यसमानता घ्या:

(अ² + ब²)(क² + ड²)
  = अ²क² + अ²ड² + ब²क² + ब²ड²
  = (अ²क² − २अबकड + ब²ड²)
    + (अ²ड² + २अबकड + ब²क²)
  = (अक − बड)² + (अड + बक)²

मधली पायरी रुंद स्तंभात एका ओळीत मावेलही. तरी मी ती दोन कंसांच्या मधेच तोडतो. वरचा कंस एक वर्ग होणार आहे आणि खालचा दुसरा, हे शेवटची ओळ वाचण्याआधीच डोळ्यांना दिसते. ‘−२अबकड’च्या जवळजवळ खाली ‘+२अबकड’ येते आणि दोन्ही पदे एकमेकांना खोडणार हेही कळते. हीच पायरी जागा संपली म्हणून भलत्याच पदापाशी तोडली, तर गणित बरोबर राहते आणि विद्यार्थी मात्र अडतो.

२. तोडायचे ते चिन्हाच्या आधी.

परिच्छेदाच्या ओघात आलेले सूत्र चिन्हानंतर तुटते. वेगळ्या ओळीवर मांडलेले चिन्हाआधी. क्नूथ यांच्या टेकविषयीच्या १९८४ च्या पुस्तकात हा नियम स्पष्ट दिला आहे. खालची ओळ ‘+’ने सुरू झाली की हे वरच्याचेच पुढचे पद आहे, हे वाचकाला लगेच कळते. मात्र तो ‘+’ बरोबरच्या चिन्हाच्या सरळ रेषेत खाली ठेवू नये. वरच्या उदाहरणात आहे तसा, उजव्या बाजूचे पहिले पद जिथे सुरू होते तिथे तो यावा. पायऱ्यांचा उभा स्तंभ फक्त ‘=’ या चिन्हांसाठी मोकळा राहिला पाहिजे. रशियन पुस्तकांत तुटलेल्या ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असे दोनदा चिन्ह छापण्याची रीत आहे. अनुवादाचे काम आले तर त्यातले एक चिन्ह काढून टाकावे लागते.

३. & ची खूण बरोबरच्या चिन्हाच्या डाव्या अंगाला.

‘अलाइन’ या बहुओळी मांडणीत & ही खूण जिथे असेल ती जागा प्रत्येक ओळीत एकाखाली एक येते. ती खूण ‘=’ च्या आधी टाकली की दोन्ही बाजूंचे अंतर नीट पडते. नंतर टाकली तर ‘=’ पुढच्या पदाला चिकटते. जुन्या फायलींमध्ये अजूनही ‘इक्यूएनअॅरे’ सापडते. त्यात बरोबरच्या चिन्हाभोवती नको इतकी मोकळी जागा सुटते आणि एकाच पानावर एकओळी समीकरणे निराळी, बहुओळी निराळी दिसतात. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या एएमएसमॅथ पॅकेजने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. अशी फाईल हाती आली की मी पहिल्यांदा ते बदलतो.

४. डावी बाजूच लांब असेल तर तिला पहिली ओळ एकटीला द्यावी.

लांबलचक डाव्या बाजूनंतर ‘=’ धरून बसले तर उजवीकडे दोन बोटे जागा उरते आणि प्रत्येक पायरी तीनदा मोडते. पहिली ओळ डावीकडे सरकवावी आणि बाकीच्या ओळी दोन क्वाड आत घेऊन ‘=’ने सुरू कराव्यात. मॅथटूल्स या पॅकेजमध्ये यासाठी ‘मूव्हइक्यूलेफ्ट’ नावाची आज्ञाच आहे. ब्रह्मगुप्ताचे उदाहरण मी वर असेच मांडले आहे.

५. कंस तुटला तर त्याची उंची सांभाळावी.

कंसाच्या आत शक्यतो तोडू नये. नाइलाज झाला तर पुढची ओळ उघडत्या कंसाच्या उजवीकडून सुरू करावी, म्हणजे आपण अजून कंसातच आहोत हे दिसत राहते. अडचण येते ती ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ या जोडीची. आतल्या मजकुराप्रमाणे कंस लहान-मोठा करणारी ही जोडी एकाच ओळीत, एकाच स्तंभात पुरी व्हावी लागते. पहिल्या ओळीत अदृश्य बंद कंस आणि दुसरीत अदृश्य उघडा कंस देऊन वेळ मारून नेता येते. पण वरच्या ओळीत अपूर्णांक आणि खालच्या ओळीत साधी पदे असली की उघडता कंस उंच आणि मिटता बुटका होतो. मी लांब समीकरणात ही जोडी वापरतच नाही. ‘बिग’पासून ‘बिग्ग’पर्यंतच्या ठरीव मापांतून दोन्हीकडे एकच माप हाताने देतो.

६. मराठी सिद्धतेला तिसरा स्तंभ लागतो.

आपल्याकडची सिद्धता इंग्रजी शोधनिबंधासारखी नसते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘∴’ आणि उजव्या टोकाला टिंबे देऊन कारण: ‘...(पक्ष)’, ‘...[(१) व (२) वरून]’. ही फार चांगली रीत आहे. विद्यार्थ्याला प्रत्येक पायरीचा आधार तिथल्या तिथे मिळतो. तिला न्याय द्यायचा तर ‘∴’, समीकरण आणि कारण यांच्या तीन उभ्या रेषा सरळ हव्यात. यासाठी ‘अलाइनअॅट’ बरे पडते, कारण स्तंभांमधले अंतर आपल्या हातात राहते. कारणांतला देवनागरी मजकूर आठवणीने ‘टेक्स्ट’ या आज्ञेच्या आत घालावा. गणिताच्या फाँटात देवनागरी अक्षरे नसतात. झीलाटेकमध्ये ती पानावरून गुपचूप नाहीशी होतात आणि नोंद लॉग फायलीत उरते. सिद्धता छापली जाते आणि कारणे गायब, हे मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटू शकते.

७. एका विधानाला एकच क्रमांक.

‘अलाइन’ प्रत्येक ओळीला क्रमांक देते. पाच ओळींत एकच समीकरण असेल तर ‘स्प्लिट’ वापरावे. पाच वेगळी समीकरणे असतील आणि पुढे त्यांतल्या दोनच समीकरणांचा उल्लेख असेल, तर बाकीच्यांचे क्रमांक काढावेत. अनावश्यक क्रमांक दिसला की वाचक पुढे त्याची वाट पाहत राहतो.

८. मोकळी ओळ टाकू नये.

‘अलाइन’च्या आत रिकामी ओळ सोडली तर काम तिथेच अडते. बाहेर, समीकरणाच्या लगेच आधी सोडली, तर नवा परिच्छेद धरला जाऊन जास्तीची जागा पडते.

९. पान तोडण्याचा निर्णय सगळ्यात शेवटी.

एएमएसमॅथ लांब मांडणी पानाच्या शेवटी तोडत नाही, आख्खी पुढच्या पानावर ढकलते. परवानगी देता येते, पण ती पूर्ण पुस्तकाला सरसकट देऊ नये. मजकूर पक्का झाल्यावर त्या त्या जागी द्यावी, आणि तीही ‘=’ने सुरू होणाऱ्या पायरीआधी.

१०. काही समीकरणे मांडायची नसतात, छोटी करायची असतात.

तेच तीन ओळींचे पद चार वेळा येत असेल तर कितीही कसब लावले तरी पान वाचनीय होत नाही. त्या पदाला एक अक्षर द्यावे, ‘येथे ब म्हणजे...’ असे खाली एकदा लिहावे. पण हा अधिकार जुळणी करणाऱ्याचा नाही. म्हणून गणित लिहिणाऱ्या सर्वांना विनंती आहे: हस्तलिखित देताना लांब समीकरण कुठे तुटलेले चालेल तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारा, कुठे अजिबात तुटू नये तेही सांगा, आणि पहिले प्रूफ आले की आकड्यांच्या आधी ओळींच्या जागा तपासा.