दारातील वाहन : बंडीपासून मोटारीपर्यंत



लागण, खोडवा, खते यांची माहिती आम्ही नेहमी देतो. या वेळी विषय थोडा निराळा, पण उसाच्या बिलाशी निगडित आहे. नांदुरा भागात गटभेटीला गेलो की सभासद हमखास विचारतात, "साहेब, यंदा मोटार घ्यावी का?" त्याचा विचार करू.

एके काळी शेतकऱ्याच्या दारात बैलबंडी, फार तर सायकल असे. लांबचा प्रवास नांदुरा स्टेशनवरून रेल्वेने नाहीतर एस.टी.ने. मोटारी तेव्हा मोजक्याच. वालचंदनगरला ऊस व साखर उभी करणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली. फियाट आणि ॲम्बॅसडर या दोनच गाड्या पुष्कळ वर्षे सर्वत्र दिसत. पैसे असूनही नंबर लावून थांबावे लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. १९९३ साली मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन गेले आणि त्यानंतर कंपन्या व कर्जे दोन्ही वाढली.

तरीही आकडे पाहावेत. २००१ च्या जनगणनेत देशातील शंभर कुटुंबांपैकी अडीच कुटुंबांकडे मोटार, जीप किंवा व्हॅन होती. २०११ मध्ये हे प्रमाण ४.७ झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मोटार असलेली कुटुंबे शंभरात साडेसात निघाली. दुचाकी मात्र जवळपास निम्म्या घरांत पोचली होती. म्हणजे "सगळ्यांकडे गाडी आहे, आपल्याकडेच नाही" हे म्हणणे खरे नव्हे.

आता हिशेब करू. समजा, सहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले. हप्ता महिना साधारण साडेबारा हजार, म्हणजे वर्षाला दीड लाख. २०२५-२६ हंगामाचा एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये. या भावाने दीड लाखाला सुमारे ४२ टन ऊस लागतो. एकरी ४० टन धरले तर एका एकराचा सारा ऊस पाच वर्षे नुसत्या हप्त्याला गेला. तोडणी-वाहतूक, बेणे, खत, पाणीपट्टी, शिवाय गाडीचा विमा आणि पेट्रोल हे सगळे वेगळेच.

दुसरी गोष्ट, उसाचे बिल हंगामात येते, हप्ता मात्र बाराही महिने येतो. गाडी दारात उभी राहते, हप्ता उभा राहत नाही.

म्हणून आमची सूचना अशी :

१) वर्षात गाडी किती दिवस लागेल ते वहीत मांडावे. दवाखाना, लग्नकार्य, शेगावची वारी एवढ्यापुरतीच लागत असेल, तर भाड्याची गाडी स्वस्त पडते.

२) ठिबक व पाण्याची सोय आधी करावी. त्याने उत्पन्न वाढते. गाडीची किंमत मात्र दरवर्षी उतरते.

३) पीककर्ज गाडीकडे वळवू नये.

४) घ्यायचीच असेल तर निम्मी रक्कम रोख भरावी.

मोटारीशी आपले वैर नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि त्यात उसाचा, मक्याचा वाटा आहे. दुसऱ्याची गाडी धावली तरी आपल्या पिकाला मागणी राहते. हौसेला मोल नाही म्हणतात, पण हप्त्याला आहे. घरात सर्वांनी बसून, हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा.

— ऊस विकास अधिकारी