अपस्मारावरील औषधे आणि मुलांची भूक

अपस्मार, म्हणजेच लोकभाषेतील फेफरे किंवा फिट येणे, हा मेंदूतील विद्युत्संदेशांत अकस्मात बिघाड झाल्यामुळे होणारा विकार होय. तो दैवी कोप नव्हे, तसाच तो संसर्गजन्यही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार असून, योग्य निदान व औषधोपचार लाभल्यास त्यांतील सुमारे ७० टक्के लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. मात्र त्यासाठी औषध बहुधा काही वर्षे नियमितपणे घ्यावे लागते. या काळात मुलाची भूक व वजन बदलू लागले की पालक धास्तावतात आणि औषध परस्पर बंद करतात. हा धोका टाळावयाचा असेल, तर शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्य यांना या विषयाची माहिती असणे अगत्याचे आहे.

सर्व औषधे सारखी नाहीत

अपस्मारावर फिनोबार्बिटोन १९१२ पासून व फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. व्हॅल्प्रोएटचा गुण फ्रान्समध्ये १९६३ साली योगायोगानेच उमगला. आज प्रचलित असलेल्या औषधांचे वजनावरील परिणामांच्या दृष्टीने तीन गट पडतात.

पहिला गट भूक वाढविणाऱ्या औषधांचा. त्यांत सोडियम व्हॅल्प्रोएट प्रमुख आहे. ते घेणाऱ्या काही मुलांना वारंवार भूक लागते आणि पहिल्या काही महिन्यांतच वजन वाढू लागते. कार्बामाझेपिननेही काहींचे वजन थोडेफार वाढते. दुसरा गट भूक मंदावणाऱ्या औषधांचा. टोपिरामेट व झोनिसामाइड ही औषधे त्यांत मोडतात. मूल ताटावरून लवकर उठते आणि वजन घटते. तिसऱ्या गटातील लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटॅम व फेनिटॉइन यांचा वजनावर सहसा फारसा परिणाम होत नाही. तथापि लेव्हेटिरासिटॅमने काही मुलांची भूक कमी होते. हे परिणाम प्रत्येक मुलात दिसतीलच असे नाही.

औषध बंद करणे हा उपाय नव्हे

नियमित चालू असलेले औषध एकाएकी थांबविल्यास झटके पुन्हा उसळतात. प्रसंगी झटका थांबतच नाही व मुलाच्या जिवावर बेतते. म्हणून मात्रा कमी करणे वा औषध बदलणे हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा असावा. मुलांच्या औषधाची मात्रा सामान्यतः वजनाच्या प्रमाणात ठरते, हेही ध्यानात ठेवावे. वजन बरेच वाढले अथवा घटले, तर मात्रेचा फेरविचार करावा लागतो. किशोरवयीन मुलींना व्हॅल्प्रोएट चालू असल्यास पुढील काळातील गर्भावरील दुष्परिणामांविषयीही डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

किनारपट्टीचा आहार

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात भात, तांदळाची भाकरी व मासळी हे नेहमीचे अन्न होय. भूक वाढलेल्या मुलाला उपाशी ठेवू नये. ताटातील भात बेताचा ठेवून डाळ, वाल, पालेभाजी व मासळीचे कालवण वाढवावे. तळलेली मासळी, फरसाण, बिस्किटे व गोड पेये कमी करावीत. मुलाला खेळापासून दूर ठेवू नये. पाण्यात मात्र जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय उतरू देऊ नये.

भूक मंदावलेल्या मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावयास द्यावे. पेजेत तूप, सोबत अंडे, भुईमुगाचे दाणे वा तिळाची चटणी दिल्यास थोड्या अन्नातून अधिक पोषण मिळते. जून व जुलैमध्ये मासेमारी बंद असते व ताजी मासळी दुर्मिळ होते. त्या दिवसांत डाळी, कडधान्ये व अंडी यांवर भर द्यावा. टोपिरामेट व झोनिसामाइडमुळे काही मुलांना घाम कमी येतो व अंग तापते. किनाऱ्यावरील उन्हाळ्यात अशा मुलांना भरपूर पाणी द्यावे आणि दुपारच्या उन्हात कवायत करावयास लावू नये.

वजनाची नोंद

उपचार सुरू होण्यापूर्वी व त्यानंतर दरमहा, शक्यतो एकाच काट्यावर, वजन करावे. सहा ते दहा वर्षांचे मूल सामान्यतः वर्षाला दोन ते तीन किलो वाढते. तेवढी वाढ दोन-तीन महिन्यांतच झाली, अथवा वजन लागोपाठ दोन महिने घटले, तर डॉक्टरांना दाखवावे. लहान मुलांची नोंद अंगणवाडीत होते. शाळकरी मुलांची वही शिक्षकांना ठेवता येईल.

२०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व तीत झटक्यांच्या विकाराचाही समावेश आहे. तपासणी पथक गावी आले असता ही वही त्यांच्यापुढे ठेवावी, म्हणजे पुढील उपचारासाठी मुलाला जिल्हा रुग्णालयात पाठविणे सुकर होईल. मांडव्याहून मुंबईस जाणाऱ्या बहुतेक लाँच पावसाळ्यात बंद असतात. ज्यांचे औषध मुंबईहून येते, त्यांनी मे महिन्यातच त्याची तजवीज करावी.

औषधाने झटके थांबले, पण त्याच औषधाने मूल खंगले वा स्थूल झाले, तर उपचाराचे सार्थक झाले असे म्हणता येणार नाही. पालकांची शंका वेळीच डॉक्टरांच्या कानी पोहोचली, तर बहुतेक वेळा यातून मार्ग निघतो. ती पोहोचविण्याचे काम गावातील शिक्षक, सेविका व पंचायत सदस्य सहज करू शकतील.