एकाच जन्मतारखेच्या दोन राशी

प्रश्न : मुलीचा जन्म ५ एप्रिलचा. इंग्रजी मासिकातील भविष्यानुसार तिची रास मेष, तर पत्रिकेत वृश्चिक आहे. पत्रिका चुकली आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्या फरकावरून आपल्या कन्येची पत्रिका चुकीची ठरत नाही. पाश्चात्त्य रास जन्मवेळच्या सूर्यावरून ठरते, तर पत्रिकेतील रास चंद्रावरून ठरते, आणि चंद्र सुमारे सव्वादोन दिवसांत रास बदलत असल्याने ती केवळ तारखेवरून सांगता येत नाही. शिवाय पाश्चात्त्य राशिचक्र सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेले असते, तर भारतीय निरयन चक्र ताऱ्यांच्या संदर्भाने स्थिर धरले जाते. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकत असल्यामुळे दोहोंत आज सुमारे २४ अंशांचे अंतर, म्हणजेच अयनांश, पडले आहे. म्हणून ५ एप्रिलचा सूर्यही निरयन पद्धतीने मीनेतच असतो.

पडताळणीसाठी जन्मतारीख, अचूक वेळ व स्थळ घेऊन एकाच पंचांगाने गणित करावे. चित्रापक्षीय दाते व रैवतपक्षीय टिळक पंचांगांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक असल्याने सीमेजवळच्या चंद्राची रास बदलू शकते. सूर्यराशीचे भविष्य चंद्रराशीस लावू नये. राशीवरून स्वभाव वा भविष्य कळते यास वैज्ञानिक पुरावा नसल्याने विवाहादी निर्णयही केवळ त्यावर सोपवू नयेत.