दुखापतीच्या भीतीने खेळ सोडू नका

“मुलगी फुटबॉल खेळते. गुडघा जायबंदी होईल म्हणून तिचा खेळ बंद करावा का?” अनेक पालक हा प्रश्न विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: खेळ चालू राहू द्या, आधीचा सराव बदला.

गुडघ्याच्या आतली एसीएल ही अस्थिबंधाची दोरी बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागताच फाटते. उडीनंतर पाय टेकताना किंवा वेगात दिशा बदलताना गुडघा आत कलतो आणि सगळा ताण तिच्यावर येतो. किशोरवयीन मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा अधिक असतो.

पण हा धोका कमी करता येतो. नॉर्वेत ओस्लोच्या संशोधकांनी २००५च्या हंगामात किशोरवयीन मुलींच्या संघांना व्यायामांचा एक संच शिकवला. दुखापती कमी झाल्या नाहीत. बऱ्याच संघांनी तो नेमाने केलाच नव्हता. मग फिफाचं वैद्यकीय संशोधन केंद्र आणि अमेरिकेतले तज्ज्ञ यांच्यासोबत त्यांनी तो नव्याने बांधला. त्यात धावणं आलं, जोडीने करायचे व्यायाम आले, सोप्याकडून अवघडाकडे नेणाऱ्या तीन पायऱ्या आल्या. हाच ‘इलेव्हन प्लस’. १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर त्याची चाचणी झाली आणि २००८ साली निष्कर्ष आले: एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी, गंभीर दुखापती जवळपास निम्म्या. ज्या संघांनी तो जास्त नेमाने केला, त्यांना फायदाही जास्त झाला.

या सरावाला वीस मिनिटं लागतात. आठ मिनिटं हलकं धावणं, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून निदान दोनदा तो व्हायलाच हवा. सामन्याच्या दिवशी फक्त धावण्याचे दोन भाग करावेत.

घरी एक गोष्ट तपासा. मुलीला जागेवर उडी मारायला सांगा आणि समोर उभं राहून तिचे गुडघे पाहा. पाय टेकताना ते एकमेकांकडे झुकतात का? पाय ताठ राहतात का? तसं असेल तर गुडघे वाकवून, पावलांच्या रेषेत ठेवून, अलगद उतरायला शिकवा. मोबाइलवर चित्रण करून तिलाच दाखवा. चूक तिला लगेच कळेल.

एवढं करूनही पाय मुरगळला तर खेळ तिथेच थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उंचावर ठेवा. पहिले दोन-तीन दिवस चोळणं, मालीश आणि शेक पूर्ण टाळा. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला, काही तासांत सूज चढली, पायावर भार घेता येत नसेल किंवा गुडघा निसटल्यासारखा वाटत असेल, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘दोन दिवस बघू’ असं म्हणू नका.

कोल्हापुरातल्या तालीम मंडळांच्या फुटबॉलपासून शाळेच्या कबड्डीपर्यंत, उड्या आणि वळणं सगळीकडे आहेत. म्हणून प्रशिक्षकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: उशीर झाला म्हणून वॉर्म-अप गाळू नका. वेळ कमी असेल तर सामना छोटा करा.