घोड्याची ओळख आणि स्वाराची मांड

तमिळनाडूतील कुंभकोणम् शहराजवळ पट्टीश्वरम् हे गाव आहे. तेथून थोड्याच अंतरावर, दारासुरम् येथे, चोळ राजा दुसरा राजराज याने १२ व्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. मंदिराच्या पुढील मंडपाला रथाचा आकार दिलेला असून त्याला दगडी चाके व दगडी घोडे कोरलेले आहेत. कावेरीच्या या सखल, भातशेतीच्या प्रदेशात घोडा मूळचा नव्हे. अरबस्तान व इराणच्या बंदरांतून तो जहाजाने येथे येत असे.

१३ व्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख पांड्य राजांच्या सत्तेखाली होता. त्या सुमारास येथे आलेल्या मार्को पोलो या प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, येथील राजे दरवर्षी हजारो घोडे मोठी किंमत देऊन विकत घेतात. परंतु वर्ष संपेपर्यंत त्यांतील थोडेच जिवंत राहतात. घोड्यांची निगा जाणणारी माणसे तेथे नव्हती, आणि शिजवलेला भात व मांस त्यांना खाऊ घातले जाई, असे तो सांगतो. प्रवाशाच्या आकड्यांत अतिशयोक्ती असेल. पण त्यातील बोध खरा आहे. सोने देऊन घोडा आणता येतो, अश्वविद्या मात्र शिकावीच लागते.

पुढे १६७५ च्या सुमारास व्यंकोजी राजे भोसले यांनी तंजावर येथे मराठी राज्य स्थापले. ते १८५५ पर्यंत टिकले. घोडदळावर वाढलेल्या या लोकांना अश्वविद्येचे मोल ठाऊक होते. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात प्राण्यांविषयीच्या शास्त्रांचीही हस्तलिखिते आहेत. नकुलाच्या नावाने ओळखला जाणारा ‘अश्वशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ या ग्रंथालयाने १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. या जुन्या विद्येला आजच्या प्राणिशास्त्राची जोड देऊन आपण घोड्याचा विचार करू.

१. घोड्याचा स्वभाव

घोडा हा मोकळ्या गवताळ रानात कळपाने राहणारा प्राणी आहे. हिंस्र श्वापदापासून वाचण्याचा त्याचा मुख्य उपाय म्हणजे पळणे. त्याची सर्व शरीररचना या एका गोष्टीला अनुरूप आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो. पाठीमागचा सरळ पट्टा आणि कपाळासमोरची थोडी जागा एवढीच काय ती त्याला दिसत नाही. म्हणून घोड्याच्या मागून अचानक कधीही जाऊ नये. खांद्याच्या बाजूने, हळू आवाजात बोलत त्याच्याजवळ जावे.

वाऱ्याने उडालेल्या कागदालाही घोडा बुजतो, तो खोडसाळपणाने नव्हे. आधी पळावे आणि मग विचार करावा, हीच त्याच्या पूर्वजांची जगण्याची रीत होती. अशा वेळी चाबूक मारल्यास भीतीत वेदनेची भर पडते, आणि पुढच्या खेपेस तो त्या जागी अधिकच बुजतो. घोड्याचे कान पाहण्याची सवय ठेवावी. कान पुढे असतील तर त्याचे लक्ष समोर आहे. ते मानेला चिकटवून मागे टाकलेले असतील, तर तो चिडला आहे असे समजून दूर व्हावे.

२. घोडा कसा शिकतो?

पायाने घोड्याची कूस हलकेच दाबली की त्याला तो दाब नकोसा वाटतो. तो एक पाऊल पुढे टाकतो. त्याच क्षणी स्वाराने दाब काढून घेतला, तर पुढे चालले की दाब सुटतो, हे घोडा शिकतो. येथे शिकवणारी गोष्ट दाब नसून त्याची सुटका ही आहे. सुटका उशिरा झाली, तर घोड्याला आपण काय केले म्हणून सुटलो हे कळत नाही. लगाम सतत ओढून धरणाऱ्या स्वाराचा घोडा हळूहळू तोंडाचा कठीण बनतो, त्याचे कारण हेच.

घोडा किती बारीक खुणा टिपतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा खुराने ठोके देऊन गणिते सोडवतो, अशी ख्याती झाली होती. १९०७ मध्ये ऑस्कार फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल तर हान्सही चुकतो. योग्य ठोका पडताच विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत जी किंचित हालचाल होई, ती पाहून घोडा थांबत असे. जो प्राणी एवढी हालचाल ओळखतो, त्याला पाठीवरच्या स्वाराची भीती कळल्यावाचून कशी राहील?

३. शिक्षणाचा क्रम

चांगला चाबूकस्वार नावाप्रमाणे चाबकावर विसंबत नाही. तो क्रमावर विसंबतो. प्रथम शिंगराला माणसाच्या स्पर्शाची, मोरकीची आणि खूर उचलू देण्याची सवय लावतात. मग लांब दोरीवर वर्तुळात फिरवून चालणे व थांबणे शिकवतात. त्यानंतर खोगिराचे ओझे व तंगाचा आवळ यांची ओळख करून देतात. साधारण ३ वर्षांच्या आत स्वार बसवू नये, कारण हाडांची वाढ तोपर्यंत अपुरी असते. पाठीच्या मणक्यांची वाढ तर त्यानंतरही चालू राहते. स्वार बसल्यावर आधी साधी चाल, मग दुडकी, आणि सर्वांत शेवटी दौड. पाठ छोटा असावा आणि जमलेल्या कामावर संपवावा.

४. स्वाराने काय करावे?

बसण्यापूर्वी तंग तपासावा. डोक्यावर मजबूत टोप आणि पायांत टाचेचे बूट असावेत. टाचेमुळे पाय रिकिबीत अडकत नाही. पडल्यावर पाय अडकून फरफटत जाणे हा सर्वांत भयंकर अपघात होय. लगाम हाताला गुंडाळू नये. लगामाची लोखंडी कडी दातांमधील मोकळ्या हिरडीवर टेकते, आणि ती जागा फार नाजूक असते. म्हणून तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळू नये. तोल मांडीवर व कमरेवर असावा. मांड पक्की म्हणजे आवळलेली नव्हे. घोड्याच्या चालीबरोबर हलणारी मांडच पक्की राहते.

५. निगा

घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून एकदम पुष्कळ चंदी दिल्यास पोटशूळ होऊन तो दगावू शकतो. गवत दिवसभर थोडे थोडे, आणि चंदी बेताची व विभागून द्यावी. रोज खरारा करावा, खूर साफ करावेत आणि ठरावीक अवधीने नालबंदाकडून नाल तपासून घ्यावेत. खोगिराखाली व्रण दिसल्यास तो बरा होईपर्यंत स्वारी बंद ठेवावी. पुष्कळ वेळा ज्याला आपण खोड म्हणतो, ती खरी पाहता दुखणाऱ्या पाठीची तक्रार असते.

आज घोड्यावर राज्ये उभी राहत नाहीत. तरी माथेरानसारख्या ठिकाणी मुले पहिल्यांदा घोड्यावर बसतात, तेव्हा त्यांचा आनंद आणि त्यांची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी घोड्याच्या स्वास्थ्यावर अवलंबून असतात. भ्यालेला वा दुखावलेला घोडा कोणालाही सुखाने नेऊ शकत नाही. दारासुरमचे दगडी घोडे शतकानुशतके निमूट उभे आहेत. जिवंत घोडा मात्र प्रत्येक पावलाला काही सांगत असतो. ते ऐकण्याची सवय लावून घेणे हाच अश्वविद्येचा पहिला धडा होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. घोड्याच्या मागून अचानक का जाऊ नये? त्याच्या दृष्टीच्या रचनेवरून स्पष्ट करा.
२. ‘शिकवणारी गोष्ट दाब नसून सुटका आहे’, या विधानाचा अर्थ उदाहरणाने सांगा.
३. मार्को पोलोने वर्णिलेला आहार घोड्याला का अपायकारक ठरला असेल?